नवसागर : विस्तवाचा झाला समुद्र

कसबा पेठेतल्या तांबट आळीपासून मावशीचं घर हाकेच्या अंतरावर आहे. मावशीने आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. मी मुद्रितं तपासतो. कल्हईवरचा एक लेख छापायला जायचा होता, म्हणून त्यातला शास्त्राचा भाग तिच्या नजरेखालून जावा असं मला वाटलं आणि मुद्रितं तिच्याकडे ठेवून आलो. रविवारी आणायला गेलो, तर पानं तांबड्या पेन्सिलीने रंगलेली. 'नवसागर' हा शब्द लेखात अकरा वेळा आला होता. अकराही ठिकाणी तो खोडून वर नेटक्या अक्षरात 'अमोनियम क्लोराइड' लिहिलं होतं.

योगायोग असा, की त्याच सकाळी तिच्या अंगणात कल्हईवाला येऊन गेला होता. आतून चांदीसारखी लखलखणारी दोन पितळी पातेली कट्ट्यावर पालथी होती आणि टेबलावर कागदाच्या पुडीत चमचाभर नवसागर उरला होता. पुडी मधे ठेवून आम्ही बोलायला बसलो. ते बोलणं जसं झालं तसं इथे देतो आहे.

मी : मावशी, लेख कल्हईवर आहे. 'दोन तोळे अमोनियम क्लोराइड द्या' असं म्हणणारा कल्हईवाला तू पाहिलास का कधी?

मावशी : त्याच्या तोंडी जिथे आहे तिथे राहू दे ना. पण इथे बघ, लेखक स्वतः समजावून सांगतोय : 'नवसागरामुळे भांड्यावरचा मळ निघतो.' का निघतो, याचा त्या नावात मागमूस नाही. उलट वाचक भलत्याच वाटेला लागतो. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, हे समुद्राचं मीठ का?" या पदार्थाचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. पहिल्या पावलाला चकवणारं नाव शास्त्राच्या वाक्यात कशाला?

मी : समुद्राशी संबंध नाही, हे कबूल. पण त्या नावातही समुद्र मुळात नव्हता. तो मागाहून शिरला. हिंदीत याला 'नौसादर' म्हणतात, गुजरातीत 'नवसार', तमिळमध्ये 'नवच्चारम्'. शब्द आला फारसी-अरबी 'नौशादर'वरून. आपल्याकडे तो 'नवसादर' झाला. आता 'सादर' म्हणजे काय, ते मराठी कानाला लागेना. सागर मात्र ओळखीचा. म्हणून जिभेने 'द'चा 'ग' केला आणि अनोळखी पाहुण्याला घरातलं नाव दिलं.

मावशी : म्हणजे तूच सांगतोयस, की हा अपभ्रंश आहे. चुकून झालेला शब्द.

मी : अपभ्रंश आहेच. पण ज्याचा तो अपभ्रंश झाला, तो शब्द ऐक. 'नौशादर'ची एक व्युत्पत्ती अशी मांडली जाते : जुन्या इराणी भाषेत 'अनोश' म्हणजे अमर आणि 'आदर' म्हणजे अग्नी. अनोश-आदर, कधी न विझणारा विस्तव. हे दोन्ही शब्द आपल्याला परके नाहीत. मुंबईतल्या पारशी अगियारीतल्या अग्नीला 'आतश आदरान' म्हणतात, त्यातला 'आदर' तोच. आणि 'नौशिरवान' या पारशी नावाचा अर्थ 'अमर आत्म्याचा'. त्यातला 'नौश' म्हणजे हाच अनोश.

मावशी : मिठाला अग्नीचं नाव कुणी कशाला देईल?

मी : कारण ते मीठ आगीतून यायचं. समरकंदच्या पूर्वेला, आजच्या ताजिकिस्तानात, असे डोंगर आहेत जिथे जमिनीखालचे कोळशाचे थर शतकानुशतकं जळत आहेत. दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांनी तिथलं वर्णन लिहून ठेवलंय. फटीतून दिवसा धूर दिसतो, रात्री ज्वाळा दिसतात. लोक त्या फटीवर एक कोठडी बांधतात, दारं-खिडक्या गच्च बंद करतात. धूर आत कोंडतो आणि भिंतींवर पांढरं मीठ धरतं. ते खरवडायला आत जाणारा माणूस ओल्या नमद्यात स्वतःला गुंडाळून घेतो, नाहीतर भाजून निघेल. न विझणाऱ्या विस्तवाचं मीठ, हे त्याचं अगदी नेमकं वर्णन होतं. आणि तुझ्या अंगणात सकाळी जो पांढरा धूर उठला, तोच तो धूर.

मावशी : गोष्ट सुरेख आहे. पण तुझ्याच गोष्टीने माझी बाजू भक्कम केली, हे लक्षात आलं का? ज्या नावात विस्तव होता, त्यात तुम्ही पाणी भरलंत. अर्थ उलटा झाला. असला शब्द मी मुलांच्या हातात देऊ?

मी : पण विस्तवाची आठवण आपल्याकडेही राहिली, दुसऱ्या नावाने. 'रसरत्नसमुच्चय' हा आपल्या रसशास्त्राचा जुना ग्रंथ. त्यात 'साधारण रस' या वर्गात 'नवसार' येतो आणि त्याचं दुसरं नाव दिलंय 'चूलिकालवण'. चुलीचं मीठ! करीर आणि पीलूची लाकडं जळताना ते होतं आणि विटा भाजताना हे फिकट, हलकं मीठ मिळतं, असं तिथे सांगितलंय. ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात पंजाबातल्या कर्नालकडे कुंभार लोक खरोखरच विटांच्या भट्टीतून नवसागर काढत होते. तिकडे इजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून, त्या काजळीतून तो काढत आणि युरोपला पाठवत. आणि भूशास्त्राचा पाया घालणारा जेम्स हटन माहीत आहे ना? त्याने एडिंबरोच्या धुराड्यांमधली काजळी गोळा करून नवसागराचा कारखाना चालवला, १७५६ च्या सुमारास. इराण्यांना, आपल्या रसवैद्यांना, कुंभारांना, हटनला, सगळ्यांना हे मीठ चुलीत सापडलं.

मावशी : हे मात्र खरं. शेण, काजळी, कोळसा, या सगळ्यांत नायट्रोजन असतो. जाळलं की थोडा अमोनिया होतो, त्याला हायड्रोजन क्लोराइडची जोड मिळाली की नवसागर... बघ, माझ्याही तोंडून निघाला शब्द. पण ही सगळी माहिती तुला शोधून काढावी लागली. नावाने ती दिली नाही. 'अमोनियम क्लोराइड' म्हटलं की काय काय कळतं ते सांगते. एक, यात अमोनियम आहे, म्हणजे चुन्याशी गाठ पडली की अमोनिया सुटणार. दोन, यात क्लोराइड आहे, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका येणार. तीन, हा अमोनियम सल्फेटचा भाऊ आहे आणि जेवणातल्या मिठाचाही भाऊ आहे. मुलाने पदार्थ डोळ्यांनी पाहिलेला नसला, तरी तो कसा वागेल ते तो नावावरून सांगू शकतो. आणि तुझी जुनी नावं? हिराकस आणि मोरचूद घे. एक लोखंडाचं सल्फेट, दुसरं तांब्याचं. सख्खी भावंडं! पण नावं ऐकून कुणी म्हणेल का, की यांचं काही नातं आहे? जुनी नावं रंग सांगतात, गाव सांगतात, बाजार सांगतात. गोत्र सांगत नाहीत.

मी : हे मला मान्य आहे. गोत्र सांगणारं नाव हवंच.

मावशी : आणि दुसरं. जुनी नावं एका जागी ठरत नाहीत. 'साल अमोनियाक' हे नवसागराचं लॅटिन नाव. पहिल्या शतकातला प्लिनी ज्या मिठाला हे नाव देतो, ते लिबियाच्या वाळवंटात वाळूखाली सापडायचं आणि बहुधा साधं खनिज मीठ होतं. पुढे तेच नाव भलत्याच पदार्थाला, म्हणजे आपल्या नवसागराला चिकटलं. नाव एक, माल दोन. दुकानात हे चालेल एक वेळ, प्रयोगशाळेत नाही चालत.

मी : थांब, आता तू माझ्या अंगणात आलीस. ते 'अमोनियाक' नाव कुठून आलं?

मावशी : अमोनच्या देवळावरून. सीवा नावाच्या मरूद्यानात अमोन देवाचं देऊळ होतं. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये अलेक्झांडर कौल घ्यायला तिथे गेला होता. त्या भागातलं मीठ म्हणून अमोनचं मीठ.

मी : आणि प्लिनीला काय वाटलं? त्याने ते नाव ग्रीक 'अम्मोस'शी जोडलं. अम्मोस म्हणजे वाळू. वाळूत सापडतं म्हणून वाळूचं मीठ! मावशी, आपल्या माणसांनी 'सादर'मध्ये सागर ऐकला आणि रोमच्या पंडिताने 'अमोन'मध्ये वाळू ऐकली. कामगिरी एकच. बरं, अमोन हा मूळचा इजिप्तचा आमुन. त्या नावाचा अर्थ 'लपलेला'. म्हणजे तू अकरा वेळा ज्याला शास्त्रशुद्ध नाव म्हणून लिहिलंस, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात इजिप्तचा लपलेला देव बसलाय.

मावशी : (हसून) बसू दे. डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूला ते नाव शोभतंही. बर्गमनने १७८२ मध्ये 'अमोनिया' हे नाव रूढ केलं, तेव्हा देवाचा विचार कुणी केला नव्हता. एक चिन्ह हवं होतं, ते मिळालं. आता त्याला एकच अर्थ आहे : एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. देव केव्हाच उठून गेला.

मी : देव उठून गेला, तर सागरही आटला. 'नवसागर' म्हणताना कुणा कल्हईवाल्याच्या डोळ्यांपुढे लाटा येतात? त्याला पुडीच दिसते. मग नियम एकच लाव. अमोनला सूट आणि सागराला शिक्षा, असं का?

मावशी : कारण 'अमोनियम'ने घराणं उभं केलं. नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, सगळीकडे तो शब्द तोच अर्थ घेऊन जातो. 'नवसागर' एकटा राहिला. त्याला वंश नाही.

मी : मग या घराण्यातल्या नावांचा इतिहास बघू. १७८७ मध्ये लव्हाझिए आणि त्याच्या सोबत्यांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत मांडली. पदार्थ कशाचा बनलाय ते नावाने सांगावं, हे तुझंच तत्त्व. त्या पद्धतीत नवसागराला काय नाव मिळालं?

मावशी : अमोनियाचं म्युरिएट.

मी : ते आज कुठे आहे?

मावशी : गेलं. म्युरिएटचं क्लोराइड झालं. लव्हाझिएला वाटायचं, की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो. म्हणून तर 'ऑक्सिजन' हे नाव, ग्रीकवरून, 'आम्ल जन्माला घालणारा'. म्युरिअ‍ॅटिक आम्लातही, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लातही, तो असणार, असं त्याने धरून ठेवलं होतं. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं, की त्या आम्लात ऑक्सिजन नाहीच आणि क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे. 'क्लोरीन' हे नावही त्याचंच, फिकट हिरव्या रंगावरून.

मी : म्हणजे 'ऑक्सिजन' हे नाव ज्या आम्लाने खोटं पाडलं, ते आम्ल म्हणजे तुझ्या या पुडीतला अर्धा नवसागर! आणि उरलेल्या अर्ध्यात जो नायट्रोजन आहे, त्याला लव्हाझिएच्या गटाने नाव दिलं होतं 'अझोत', म्हणजे निर्जीव. ज्याच्यावाचून एक पेशी उभी राहत नाही, ज्याच्यासाठी शेतकरी खताची गोणी खांद्यावर आणतो, तो निर्जीव! फ्रेंचमध्ये हे नाव अजून चालतं. शास्त्राने चुकीची नावं ठेवली, वापरली आणि चुकीची आहेत हे कळल्यावरही ऑक्सिजनसारखी काही कायम ठेवली. कारण ती रुळली होती. मग 'नवसागर'चा गुन्हा वेगळा काय?

मावशी : तुझा मुद्दा मी घेतला. नाव जुनं झालं की त्यातला मूळ अर्थ मरतो आणि काम करणारा अर्थ उरतो, हे दोन्हीकडे खरं. पण एक गोष्ट तू सोडून देतोयस. जोखीम. वर्तमानपत्रात हातभट्टीवरच्या छाप्याची बातमी वाचतोस ना? गूळ आणि नवसागर, ही जोडी ठरलेली. यीस्टला नत्राचं खाद्य मिळतं, आंबणं भराभर होतं, म्हणून टाकतात. लोकांना वाटतं, काहीतरी देशी मीठ असेल. आता 'अमोनियम क्लोराइड' असं लिहिलं, तर चार माणसं तरी दचकतील.

मी : आणि तेच अमोनियम क्लोराइड खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून कुणी दचकत नाही. कफ सुटायला ते उपयोगी पडतं. फिनलंडमध्ये तर त्याच्या काळ्या गोळ्या मुलं आवडीने चघळतात. 'सल्मियाक्की' म्हणतात त्यांना, म्हणजे 'साल अमोनियाक'च, फिनिश जिभेवर वळलेला. धोका किंवा गुण मात्रेत असतो. तो कुठल्याच नावातून कळत नाही, नव्यातूनही नाही, जुन्यातूनही नाही. तो सांगावा लागतो.

मावशी उठली. स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणि आजीचा जुना पानाचा डबा घेऊन आली. पुडीतला निम्मा नवसागर पेल्यात टाकून चमच्याने ढवळला आणि पेला माझ्या हातात दिला. पेला थंड होता. बघता बघता बाहेरून त्यावर दव धरलं.

मावशी : विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. तुझा न विझणारा विस्तव असा आहे, हात गार करणारा. आता हे हुंग. लांबूनच.

तिने उरलेल्यातली चिमूटभर तळहातावर घेतली, डब्यातला बोटभर ओला चुना त्यावर लावला आणि अंगठ्याने चोळलं. क्षणात नाकात झणका गेला. डोळ्यांत पाणी आलं.

मी : आजी! कुणाला घेरी आली, की आजी हेच हुंगायला द्यायची.

मावशी : आणि जोसेफ प्रीस्टलीने १७७४ च्या सुमारास हेच केलं. नवसागर आणि चुना एकत्र तापवले, निघालेला वायू पाण्यात विरघळून जातो म्हणून पाऱ्यावर धरला. 'अल्कधर्मी हवा' म्हणाला तो त्याला. शुद्ध अमोनिया वायू पहिल्यांदा असा हाती आला. मी हा प्रयोग वर्षानुवर्षं शिकवला, पण पानाच्या डब्यातल्या चुन्याचं नाव कधी घेतलं नाही. 'कॅल्शियम हायड्रॉक्साइड' म्हणत राहिले.

ती तळहात धुऊन आली. थोडा वेळ काही बोलली नाही.

मावशी : एक सांगते तुला. फार जुनी गोष्ट. परीक्षेत प्रश्न होता, संप्लवन होणाऱ्या दोन पदार्थांची नावं लिहा. एका मुलाने लिहिलं, कापूर आणि नवसागर. मी त्याचा अर्धा गुण कापला, 'शास्त्रीय नाव लिही' असा शेरा मारून. तो आपल्या आळीतल्याच तांबटाचा मुलगा होता. घरी तापल्या भांड्यावर नवसागर टाकल्यावर पांढरा धूर कसा उठतो, वरच्या कौलांना पांढरी पुटं कशी धरतात, हे त्याने वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळा पाहिलं असणार. बाकीच्यांनी पाठ केलं होतं, त्याने पाहिलं होतं. आणि पाहणाऱ्याचा मी गुण कापला.

मी : म्हणूनच म्हणतो, हे नाव राहू दे. 'अमोनियम क्लोराइड' एकटंच वाचणाऱ्या मुलाला वाटतं, की रसायनशास्त्र म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बाटल्या. बोहरी आळीत पुडीत मिळतं ते वेगळं, टॉर्चच्या जुन्या सेलमधून गळतं ते वेगळं, परीक्षेत येतं ते वेगळं. लेक्लांशेने १८६६ मध्ये ज्या द्रावणावर आपला विद्युतघट चालवला, त्याच मिठावर आळीतला तांबट चालत आला, हे त्याला कळायला हवं. नवं नाव सांगतं, हा पदार्थ कशाचा बनलाय. जुनं नाव सांगतं, हा आपल्यापर्यंत कुणाकुणाच्या हातांतून आला. ताजिकिस्तानच्या डोंगरात ओला नमदा पांघरून आत शिरलेला माणूस, विटा भाजणारा कुंभार, भाता ओढणारा कल्हईवाला. त्यांनी काही समीकरण लिहून ठेवलं नाही. त्यांच्या ज्ञानाची नोंद राहिली ती या शब्दात. तो खोडला की ती नोंद गेली.

मावशी : पण ते ज्ञान नुसत्या शब्दाने पोचत नाही, हेही बघ. तुझ्या लेखकाने 'मळ निघतो' म्हणून सोडून दिलं. मळ म्हणजे काय? भांडं तापवलं, की तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनने काळं ऑक्साइड धरतं. कथील वितळतं २३२ अंशांना, पण त्या काळ्या थरावर ते पसरत नाही, थेंब होऊन पळतं. कल्हईवाला नवसागर टाकतो तो इथे. उष्णतेने त्याची दोन शकलं होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दोघं मिळून ते ऑक्साइड खाऊन टाकतात, कोरा धातू उघडा पडतो आणि कापसाचा बोळा फिरवला, की कथील दुधावरच्या सायीसारखं पसरतं. कल्हईवाल्याला हातात आलेलं ज्ञान आहे. पण ते कोणत्या दोन शकलांमुळे घडतं, हे सांगायला मला माझंच नाव लागतं. अमोनियम एक, क्लोराइड दोन. नाव जिथे तुटतं, जवळजवळ तिथेच पदार्थ तुटतो. फक्त एक हायड्रोजन अमोनियमला सोडून क्लोराइडबरोबर जातो. 'नव' आणि 'सागर' असं तोडून मला काहीच हाती लागत नाही.

मी : हे तू म्हणालीस ते मला आजवर सुचलं नव्हतं. नाव जिथे तुटतं, जवळजवळ तिथेच पदार्थ तुटतो.

मावशी : आणि खरं सांगायचं, तर परीक्षेतला माझा प्रश्नही काटेकोर नव्हता. कापराचं संप्लवन होतं, तो वाफ होऊनही कापूरच राहतो. नवसागर तसा नाही. साधारण ३४० अंशांना तो विघटित होतो. नळीत तापवून वर लिटमसचे कागद धरले, तर तांबडा लिटमस आधी निळा होतो, कारण हलका अमोनिया पुढे धावतो. मग मागून जड हायड्रोजन क्लोराइड येतो आणि निळा कागद तांबडा होतो. वर गार जागी दोघं पुन्हा एकत्र येतात, तेव्हा नवसागर परत होतो. अरब किमयागार याला 'उकाब' म्हणायचे, गरुड, कारण तो उडतो. अल-राझीने त्याला पारा आणि गंधकाच्या पंक्तीला बसवून 'आत्मा' म्हटलं. पण उडतो तेव्हा तो अखंड नसतो, हे त्यांना दिसलं नाही. ते दिसायला लिटमस लागला आणि सांगायला नवं नाव लागलं.

मी : म्हणजे शब्दाचंही तसंच झालं म्हण ना. अनोश-आदर हा जोडशब्द प्रवासात फुटला, कुणाला कळेना कुठे तोडायचा. आपल्याकडे येऊन गार झाला आणि नव-सागर म्हणून पुन्हा जुळला. जोड भलत्या जागी आली, पण पदार्थ तोच राहिला.

मावशी : शब्दाला रसायनाचे नियम लावू नकोस. पदार्थ गार झाला की ठरलेल्याच जागी जुळतो. शब्द कुठेही जुळतो. म्हणून तर त्याच्याशेजारी पहारेकरी लागतो.

मी : मग पहारेकरी ठेव. हाकलून कशाला देतेस?

मावशीने कट्ट्यावरचं एक पातेलं उचललं. सकाळी कल्हईवाल्याने त्याच्यावर ताटली अर्धवट झाकली होती. ती ताटली तिने उजेडात धरली. आतल्या बाजूने पिठासारखा एक पातळ पांढरा थर बसला होता. तिने तो नखाने खरवडला आणि बोटावर घेऊन मला दाखवला.

मावशी : बघ. सकाळी तुटला, दुपारी परत तोच.

मग तिने मुद्रितं पुढ्यात ओढली. मुद्रितशोधनातली खूण तिला माझ्यामुळे ठाऊक आहे. खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असेल, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. पहिल्या पानावर 'नवसागर'खाली तिने एकेक करून टिंबं दिली. वर लिहिलेलं 'अमोनियम क्लोराइड' मात्र पुसलं नाही. पुढच्या दहा ठिकाणी ते खोडून जुना शब्द मोकळा केला. एवढं झाल्यावर तिने 'मळ निघतो' या वाक्याखाली जाड रेघ मारली आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.

मावशी : टिंबं मी दिली. आता मळ का निघतो, ते इथे तू लिही. तांबटाच्या मुलाला वाचून पटेल असं लिही.

मी पेन्सिल घेतली. समासात जागा थोडी होती. बोटांना अजून चुन्याचा आणि नवसागराचा वास येत होता.